एका घरी बिनमिठाचं जेवण

सगुणामावशी, तुझ्या जाण्याची सूचना आपल्या चर्चच्या मंडळीच्या ग्रूपवर मलाच टाकावी लागली. अंबाजोगाईच्या दवाखान्याच्या आवारात उभा राहून मी ती लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. तुझा नियम आडवा येत होता. सूचना म्हणजे बातमी नव्हे, हे तू मला किती वेळा सुनावलंस! सूचना ऐकून माणसाला उठून काहीतरी करता आलं पाहिजे. डबा करायचा, पाणी भरायचं, कुणाला एसटीत बसवून द्यायचं. करण्यासारखं काही नसेल तर टाकूच नको, उगाच बायांच्या जिवाला घोर. मग तुझ्या मरणाच्या सूचनेत मी लोकांना काय करायला सांगायचं होतं? शेवटी नाव, जागा आणि वेळ एवढं लिहिलं आणि पाठवून दिलं. तुला ती सूचना अजिबात आवडली नसती.

तुला माती देऊन आता पंधरवडा होत आला. चर्चमध्ये तुझ्या शेजारी बसणारी मार्थाकाकू कालपर्यंत माझ्याशी बोलत नव्हती. तुझी सूचना पडली त्याच संध्याकाळी तिनं ग्रूप सोडला. तिनं सोडल्याची राखाडी ओळ तुझ्या नावाच्या बरोबर खाली बसलेली आहे, वर सरकवली तरी पुन्हा दिसते. आणि खरं सांगतो, मला तुझाही राग आला होता. रडून झालं की राग यायचा, राग ओसरला की पुन्हा रडू यायचं. दुकानात गिऱ्हाईक असलं की दोन्ही आवरून धरायचं आणि कुणा दादाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याचा चेहरा उजळ करत बसायचं. मागच्या खोलीत कुणी नाही, हे मात्र काम करतानाही सारखं आठवायचं.

आपण दोघं या भानगडीत पडलो तेव्हा कोरोनामुळे चर्च बंद होतं, रस्ते बंद होते. पाळकसाहेबांनी फोन करून सांगितलं, ‘आशिष, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे, मंडळीचा ग्रूप आणि ते फेसबुकचं पेज तुम्ही सांभाळा.’ घाटनांदूरच्या स्टेशन रोडवर फ्लेक्स छापण्याचं दुकान असणं म्हणजे जणू देवाचं पाचारणच! आपली मंडळी ती केवढी. पत्र्याखाली दोन सतरंज्या भरल्या की नाताळ आला असं समजायचं. तरी आठवड्याभरात ग्रूपात ही गर्दी. सकाळी गुलाब, दुपारी मेंढपाळ आणि कोकरू, संध्याकाळी सूर्यासमोर हात जोडलेली बाई, मध्येच कुणीतरी विकायला काढलेली म्हैस. एका आजीला दवाखान्यात न्यायला गाडी पाहिजे, हा निरोप त्या फुलांखाली बुडाला. गाडी मिळाली ती फळवाल्या रफीकभाईंची, आणि रफीकभाई काही आपल्या ग्रूपात नव्हते.

दुसऱ्या दिवशी तू मास्क हनुवटीवर ओढून दुकानात आलीस. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून वॉर्ड हाकलेली बाई तू, माझ्या दुकानातही राउंडला आल्यासारखी शिरलीस.

‘आश्या, ह्यो ग्रूप हाय का आठवडी बाजार?’

‘लोक प्रेमानं पाठवतेत, मावशी.’

‘प्रेम ऱ्हाऊ दे बाजूला. फुलं बंद कर. ज्याला काय सांगायचं हाय त्यानं मला फोन करायचा. ग्रूपात एकानंच बोलायचं.’

‘कुणी?’

‘मी. दुसरं कोन?’

आणि तू बोललीस. टाइप केलेलं आपल्यातल्या कितीतरी बायांना वाचता येत नाही, हे मलाही माहीत होतं; बोलून पाठवावं हे मात्र तुला सुचलं. ‘सलाम बायांनो, आन बाप्यांनो तुमाला बी.’ रोज दुपारी हाच ठेका. गल्लीतून गाडी घेऊन जाताना तुझा आवाज एका दारातून निघून पुढच्या दारात मला पुन्हा गाठायचा. बाया तुला उत्तरही द्यायच्या, भाकरी थापता थापता, फोनकडे बघून. तुला ते ऐकू जात नाही याचं त्यांना काही वाटायचं नाही.

तुझ्या सूचनांत ‘एका घरी’ हे शब्द मात्र नंतर आले, आणि ते का आले हे ग्रूपातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आपल्यातल्या एका पोरीला टीबी झाला होता. तिचं लग्न ठरत आलेलं. तिच्या आईनं रडत प्रार्थनेची विनंती केली आणि पाळकसाहेबांनी ती भाबडेपणानं नावानिशी ग्रूपवर टाकली. मार्थाकाकूचा जीव कळवळला. प्रार्थना करणारी जेवढी माणसं तिला ठाऊक होती तेवढ्यांना तिनं तो निरोप पुढे पाठवला. जालन्याची बहीण, लातूरची नणंद, नणंदेच्या मंडळीतल्या बाया. आपल्या लोकांची प्रार्थना अशीच चालते, या घरून त्या घरी, विस्तव मागून न्यावा तशी. फिरत फिरत तो निरोप नवऱ्या मुलाच्या आत्याच्या फोनवर पोचला, खाली जोडलेल्या हातांच्या ओळीसकट. पोरगी औषधांनी खडखडीत बरी झाली. लग्न मोडलं ते मोडलंच.

त्या रविवारी उपासनेनंतर तू मार्थाकाकूला सगळ्यांसमोर झापलंस. ‘लेकराचं दुखनं म्हंजी काय निवडणुकीचं पत्रक हाय का गं, घरोघर वाटायला?’ त्यानंतरही तुम्ही दोघी खिडकीखाली त्याच जागी बसत राहिलात, एकाच गीतपुस्तकातून गात राहिलात. पण ती गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही. तुला नमतं घेणं जमलं नाही आणि तिला विषय काढायचा धीर झाला नाही.

मग ग्रूपवर ना कुणाचं नाव आलं, ना कुणाचा आजार. ‘एका घरी पानी भरून द्यायला मानूस लागतंय.’ ‘एका घरी पथ्याचा डबा लागंल, तिखट न्हाई घालायचं.’ डबा चर्चच्या ओसरीतल्या बाकावर ठेवायचा. तिथून तो कुठं जातो ते फक्त तुला ठाऊक. मी म्हणायचो, मावशी, हे हेरखातं झालं. ‘वॉर्डात पडदा कावून लावतेत?’ तू म्हणायचीस. ‘आतल्याला कळा सोसता याव्यात म्हनून. तसंच हाय हे.’

सुरुवातीला बायांना चुकल्यासारखं झालं. कुणासाठी रांधतोय ते ठाऊक नसताना हात चालायचा कसा? पण चालला. पुढेपुढे तर गंमतच झाली. नळावरची भांडणं जरा कमी झाली, कारण न जाणो, आपला डबा हिच्याच घरी जात असला तर! तुला हे मी सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही, मावशी. शहरातल्या एका संस्थेनं मंडळीच्या शिवणवर्गाला मशिनी दिल्या आणि पेजवर टाकायला फोटो मागितले. चेहरे हसरे असावेत, असंही कळवलं. तू सगळ्या बायांना भिंतीकडे तोंड करून बसवलंस आणि मला म्हणालीस, ‘काढ.’ ते फोटो अजून पेजवर आहेत. नुसत्या पाठी, अंबाडे आणि वाकलेल्या माना. मी चिडून म्हणालो, बघणाऱ्याला वाटेल या गावात माणसांना तोंडंच नाहीत, कोण मदत करील आपल्याला? ‘शिवन सरळ आलीय का ते बघा म्हनावं,’ तू म्हणालीस आणि विषय संपवलास. मी आजही म्हणतो, तू चुकत होतीस. त्यांतल्या कितीतरी जणी फोटो निघणार म्हणून ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. कुणाचं काय झाकायचं ते तुला बरोबर कळायचं, पण मिरवायची हौस कुणाला आहे हे तू कधी विचारलं नाहीस. नवीन वर्ग सुरू झाला की हे भांडण मी पुन्हा काढणार होतो. सगळं जुळवून ठेवलं होतं, काय बोलायचं ते. आता ते कुणापुढे बोलू?

लाइव्हच्या वेळी मात्र तू हरलीस. उपासना फोनवर दाखवली तर लोक घरी लोळत बसतील, असं तुझं म्हणणं. त्या नाताळाला मी तुला न जुमानता खिडकीपाशी फोन लावला. आपली कितीतरी घरं तेव्हा ऊसतोडीला गेलेली असतात, ट्रॅक्टरमध्ये संसार घालून. गीत सुरू झालं आणि फोनवर नावं यायला लागली. सांगलीकडच्या फडातून, कर्नाटकातल्या कारखान्याच्या तळावरून. सलाम. सलाम मंडळी. मग कुणीतरी लिहिलं, मावशीला दाखवा. त्याखाली सगळ्यांनीच तेच लिहिलं. मी फोन तुझ्याकडे वळवला. तू पदर सारखा केलास, घसा खाकरलास आणि भर उपासनेत मोठ्यानं विचारलंस, ‘जेवले का रे समदे?’ पाळकसाहेब उपदेशाचं पान धरून तसेच उभे राहिले. बाहेर पडताना तू माझ्या पाठीत एक गुद्दा घातलास आणि म्हणालीस, ‘चांगलं हाय रे तुझं यंत्र.’ त्याच्याइतकी शाबासकी मला आईनंही दिली नव्हती, आणि माझी आई तुझी जिवाभावाची मैत्रीण होती.

गेल्या वर्षी तुझे पाय सुजायला लागले. तू आपल्याच नडगीवर बोट दाबून बघितलंस, खळगा भरायला किती वेळ लागतो ते, आणि डॉक्टरच्या आधी निदान केलंस. मग दुकानाच्या मागच्या खोलीत मला बोलावून, भाजी महागली असं सांगावं तशा सुरात सांगितलंस, ‘किडन्या गेल्या माझ्या. आता मीठ बंद.’ मला हुंदका फुटला तर म्हणालीस, ‘गळा काढू नको. सूचना घे.’ आणि माझ्या फोनमध्ये बोललीस, ‘सलाम बायांनो, आन बाप्यांनो तुमाला बी. एका घरी बिनमिठाचं जेवन लागतंय. लई दिवस लागंल. वार वाटून घ्या.’

तुला मूलबाळ नव्हतं. चुलीपुढे उभं राहवत नव्हतं. ते ‘एक घर’ तुझं आहे हे गावात मला एकट्याला ठाऊक. सकाळी बाकावर आलेला डबा मी दुकानात आणायचो आणि दुपारी तू यायचीस. लोकांना वाटायचं, मावशी सूचना बोलायला चालली. डायलिसिसला अंबाजोगाईला जायचीस तेव्हा सांगायचीस, वॉर्डातल्या जुन्या मैत्रिणींना भेटून येते. आणि ते खोटंही नसायचं. मागच्या खोलीत फ्लेक्सच्या गुंडाळ्यांवर पेपर अंथरून तू जेवायला बसायचीस. समोरच्या भिंतीला छापून तयार झालेले पुढारी हात जोडून उभे. ‘ह्यांच्या तोंडाकडं बघून घास उतरत न्हाई, उलटं कर ह्यांना,’ म्हणायचीस, आणि मी एकेका साहेबाला भिंतीकडे तोंड करून उभा करायचो. तुझी ती आवडच होती म्हणा, लोकांना भिंतीकडे वळवायची!

चवीवरून तुला घर कळायचं. ‘ही लसूण जाळती.’ ‘हिच्या भाकरीला पापुद्रा सुटत न्हाई, आईनं लाडात वाढवली.’ मार्थाकाकूचा वार गुरुवार. तिच्या डब्यावर तू कधीच काही बोलली नाहीस. गुपचूप शेवटच्या शितापर्यंत संपवायचीस.

डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही रीत तू आजारातही सोडली नाहीस. डबा धुऊन, पुसून, त्यात गुळाचा खडा टाकून माझ्या हातात द्यायचीस आणि मी तो संध्याकाळी पुन्हा बाकावर ठेवायचो. मार्थाकाकूच्या डब्यात मात्र गुळाऐवजी गवती चहाची पाती असायची, तुझ्या अंगणातली, दुमडून बँडेजच्या पट्टीनं बांधलेली. एकदा मी विचारलं, हिलाच कावून वेगळं?

‘तिचा डबा खोल हाय,’ तू म्हणालीस. ‘गुळाचा खडा तळाला दिसत न्हाई.’

मला ते पटलं. मी मशीनमध्ये शाई भरायला निघून गेलो.

तू कुणाला तरी सांगावंस म्हणून मी तुझ्या किती विनवण्या केल्या! ग्रूपवर नको, निदान मार्थाकाकूला तरी सांग. ‘जलमभर म्या दुसऱ्याच्या उशाशी हुभी ऱ्हायले,’ तू म्हणालीस. ‘आता समद्या येऊन माझ्या उशाशी रडायला लागल्या तर मला जेवन जायचं न्हाई.’ मग एके दिवशी मी चिडून विचारलं, ‘आन तू मेल्यावर? मेल्यावर तरी सांगू का त्यांना, की वर्षभर तुझ्यासाठी रांधलं म्हणून?’

तू धुतलेला डबा पालथा घालत होतीस. हात पुसत म्हणालीस, ‘माझा फ्लेक्स तेवढा लावू नको चौकात. जुना झाला की लोक गोठ्यावर टाकतेत. मला म्हशीच्या डोक्यावर जाऊन बसायचं न्हाई.’ आपण दोघंही हसलो. माझा प्रश्न तसाच राहिला.

त्या गुरुवारी डबा आला, पण तू आली नाहीस. मी तुझ्या घरी धावलो, रफीकभाईंच्या गाडीत घालून तुला अंबाजोगाईला नेलं. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. मार्थाकाकूचा डबा दुकानात तसाच भरलेला राहिला.

मातीच्या वेळी बायांनी मला घेरलं. दुखणं वर्षभराचं होतं आणि मला ठाऊक होतं, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. ‘आमी काय मेलतो का रं, सांगायला?’ ‘समद्या गावाचं तिनं केलं, आन तिला कुनी घासभर दिलं न्हाई.’ तुझ्या पेटीवर माती टाकताना त्या हेच म्हणून ऊर बडवत होत्या. मार्थाकाकू तेवढी बोलली नाही. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. माझ्या जिभेवर आलं होतं, मावशी. तुमच्याच हातचं जेवून गेली ती, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण तू हो म्हणाली नव्हतीस.

आणि मग एक भलतंच होऊन बसलं. बिनमिठाचं जेवण थांबवा, अशी सूचना कुणी टाकलीच नव्हती. तुला माती दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर डबा! त्याच्या दुसऱ्या दिवशीही. थांबवा म्हणावं तर बाया जोडून बघणार, मावशी गेली आणि त्याच आठवड्यात ते घरही जेवायचं थांबलं. डबा तिथंच राहू द्यावा तर अन्नाचा अपमान. मग मीच जेवायला लागलो. मागच्या खोलीत, तुझ्या जागी बसून, पुढाऱ्यांना उलटं करून. बिनमिठाचं वरण, बिनमिठाची दुधी भोपळ्याची भाजी. पहिल्या दिवशी घास घशाखाली उतरेना. इतके दिवस तू हे खात होतीस आणि वर लोकांच्या लसणीला नावं ठेवत होतीस! डबे धुऊन त्यात गुळाचा खडा टाकून मी परत ठेवत होतो. गुरुवारी तेवढा बाक रिकामा होता. काकूचा राग अजून गेला नाही, असं मी समजलो.

काल पुन्हा गुरुवार होता. काकू स्वतःच दुकानात आली. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, ‘माझा डबा दे.’

फळीवर धुऊन ठेवलेला डबा मी दिला. ‘रिकामाच हाय, काकू,’ मी म्हणालो. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, ‘गेल्या गुरवारी तुमचा डबा आला न्हाई.’

‘मेलेल्या मानसाला कोन डबा करतंय रे?’ काकू म्हणाली.

‘म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?’ मी विचारलं.

‘त्यो गवती चहाचा ठोंब म्याच दिलता तिला,’ ती म्हणाली. ‘आन बँडेजच्या पट्टीनं पेंडी बांधनारं ह्या गावात दुसरं कोन हाय? पयल्याच गुरवारी वळखलं म्या.’

‘मग बोलला कावून न्हाई?’

‘कशी बोलू? तिनं मला सांगितलंच न्हाई. आन सांगंल तरी कशी? त्या पोरीचं लगीन मोडलं माझ्या हातानं. तिला वाटलं आसंल, हिला कळलं की जालन्यापातूर जाईल. म्हनून वळखून बी गप ऱ्हायले. चोरून बघितल्यावानी वाटायचं मला. दर गुरवारी वरन करताना बाजूला हुऊन रडायचे. डोळ्यातलं पानी पडलं तर खारट हुईल म्हनून.’

डबा मांडीवर धरून ती झाकण उघडझाप करत होती. मग म्हणाली, ‘मातीला समद्या म्हनत हुत्या, कुनी घास दिला न्हाई. माझ्या तोंडाशी आलतं. पर कुन्या तोंडानं सांगू? तुझा राग न्हाई मला. मला येवढंच सांग आश्या, तू शेवटपातूर तिच्यापाशी हुतास. तिनं तो राग तसाच धरून नेला का रं?’

मावशी, मी आठवायला लागलो. तू काकूला माफ केलं असं कधी बोलली होतीस का? नाही. त्या लग्नाचं नावही तू पुन्हा काढलं नव्हतंस. गोड वाटावं म्हणून खोटं सांगणं मला जमलं नसतं, आणि तुला ते खपलंही नसतं. माझी नजर तिच्या हातातल्या डब्यावर गेली. खोल डबा कसला? इतरांच्या डब्यांसारखाच तर होता!

‘काकू,’ मी विचारलं, ‘बाकीच्यांच्या डब्यात मावशी काय टाकायची?’

‘गवती चहाच की. दुसरं काय हुतं तिच्यापाशी?’

‘न्हाई. बाकी समद्यांना गूळ. सगळे डबे माझ्या हातनं गेलेत. गवती चहा वर्षभर फक्त तुमच्या डब्यात.’

काकूनं डब्यात बघितलं. आत काही नव्हतं तरी बराच वेळ बघत राहिली. मग पदर तोंडात धरून ती जी रडायला लागली, ती मशीनवरचा अख्खा फ्लेक्स छापून खाली येईपर्यंत थांबली नाही. मीही रडलो. एक गिऱ्हाईक आत येऊन तसंच परत गेलं.

डोळे पुसून झाल्यावर ती एकदम सावध झाली. ‘आन बाकीच्या? त्या बिचाऱ्या तर अजून बिनमिठाचं रांधतेत. कोन खातंय ते?’

‘मी.’

‘तू?’ काकू रडता रडता हसली. ‘तरीच गालफडं बसली तुझी. सांग की त्यांना, थांबवा म्हनून.’

‘मावशीला विचारलं होतं म्या. ती हो म्हणाली न्हाई, न्हाई बी म्हणाली न्हाई.’

‘मग मी सांगते,’ काकू म्हणाली. ‘माझ्यावर रागवायची सवय हाय तिला.’ आणि हात पुढे केला. ‘मला परत घे त्या ग्रूपात. आन बोलायचं बटन कुठं हाय ते दाव. तुझं ते टाइप केलेलं कुनी वाचत न्हाई.’

मी तिला ग्रूपात घेतलं. तुझं काम तिला देतोय याचं क्षणभर वाईट वाटलं, मावशी, ते लपवत नाही. तिनं फोन तोंडाजवळ धरला, तू धरायचीस तितकाच जवळ. मग ती बोलली.

‘सलाम बायांनो, आन बाप्यांनो तुमाला बी. बिनमिठाचं जेवन आता थांबवा. ते घर वर्षभर तुमच्या हातचं पोटभर जेवलं, उपाशी ऱ्हायलं न्हाई. आता भाजीला मीठ घाला. आन त्या घराच्या अंगनात गवती चहाचा ठोंब हाय, त्याला रोज पानी लागतंय. ते मी घालते. दुसऱ्या कुनी जायचं न्हाई.’

घर कुणाचं ते तिनं सांगितलं नाही. संध्याकाळी मी तुझ्या घरावरून गेलो तर अंगणात सगळ्याच बाया होत्या, आणि काकू कळशी घट्ट धरून कुणाला हात लावू देत नव्हती.

आज बाकावर डबा नव्हता. दुपारी मी घरी जाऊन जेवलो, मावशी. भाजीत मीठ जास्त वाटलं.